'विकर-उपचार' की 'विकर-प्रक्रिया'?

प्रश्न असा आला आहे: पॉलिएस्टर आणि कापसाच्या मिश्र सुतावर एन्झाइम वापरतात, त्याला 'विकर-उपचार' म्हणावे का? आणि 'त्यामुळे सुताचे गुणधर्म सुधारतात व मृदुस्पर्शी सूत मिळते' हे वाक्य बरोबर आहे का?

'विकर' जरूर वापरा, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांनी तो रुळवला आहे. 'उपचार' मात्र नको. उपचार आजाऱ्यावर होतात, आणि सुताला काही झालेले नसते. हिंदीत पेरणीआधी 'बीजोपचार' करतात, आपला शेतकरी 'बीजप्रक्रिया' करतो. सांडपाण्यावरही आपण प्रक्रियाच करतो. म्हणून 'विकर-प्रक्रिया'.

माझा खरा आक्षेप 'सुधारतात'ला आहे. इथे वापरतात ते सेल्युलेज हे विकर फक्त सेल्युलोज, म्हणजे कापूस ज्याचा बनलेला असतो तो पदार्थ, तोडते. 65:35 च्या सुतात 65 भाग पॉलिएस्टर असेल, तर त्याला ते शिवतही नाही. कापसाच्या तंतूंची जी बारीक टोके सुतावर उभी असतात (त्यांना 'लव' म्हणा, अंगावर असते तसलीच) ती कमजोर होतात आणि घुसळणीत तुटून पडतात. सूत गुळगुळीत दिसते, कापड गोळे (घासून वर जमणारे तंतूंचे बारीक गुंते) कमी धरते. पण पॉलिएस्टरची लव तशीच राहते, आणि गोळा घट्ट धरून ठेवणारे चिवट तंतू तेच! नुसत्या कापसाचा गोळा झिजून गळतो. पॉलिएस्टरने बांधलेला सुटता सुटत नाही.

शिवाय लव गेली म्हणून विकर थांबत नाही. आम्ल सेल्युलेजला 50 अंश सेल्सिअसच्या आसपासचे, 5 च्या जवळपास सामू असलेले पाणी मिळाले, की ते आतला कापूसही कुरतडत राहते. वजन घटते, ताकदही घटते. म्हणून ठरल्या वेळी पाणी 80 अंशांपर्यंत तापवून किंवा अल्कधर्मी करून त्याला निष्क्रिय करावे लागते.

तेव्हा वाक्य असे करा: 'विकर-प्रक्रियेने मिश्र सुतातल्या कापसाची लव कमी होते, सूत मऊ होते, पण त्याची ताकद थोडी घटते.' ॲमायलेजने ताण्यावरची (मागावरच्या उभ्या धाग्यांवरची) स्टार्चची खळ उतरवतात, तेही विकराचेच काम; पण त्याला सरळ 'खळ काढणे' म्हणा.

आणि 'मृदुस्पर्शी सूत' कशाला? पोळीला आपण 'मऊसूत' म्हणतोच, आणि त्या शब्दात सूत आधीपासून आहे.