सेवाग्रामच्या तारखेआधी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. छातीतल्या गाठीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात शेवटी 'बायरॅड्स ४ए' लिहिलंय आणि त्याखाली तुझा प्रश्न, "मावशी, चौथी स्टेज हाय का?" तर आधी तेच सांगते. नाही. बायरॅड्सचा आकडा आणि कॅन्सरची स्टेज, दोन्ही अगदी वेगवेगळे. स्टेज ठरवतात ती कॅन्सर आहे हे पक्कं झाल्यावर. बायरॅड्स हा सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी पाहणाऱ्या डॉक्टरांनी पुढच्या डॉक्टरांना दिलेला निरोप असतो, की आता काय करा. ० ते ६ आकडे आहेत. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासा. १ म्हणजे सगळं ठीक, २ म्हणजे साधी गाठ. ३ आला तर बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. ४ आला की सुईने नमुना काढून बघायचं. त्या ४ चेही ए, बी, सी असे तुकडे केलेत, आणि तुझा ए आहे, म्हणजे सगळ्यात कमी शंकेचा. ४ए आलेल्या शंभर जणींत कॅन्सर निघतो दोन ते दहा जणींना. बाकीच्या नव्वदीच्या वर बायांना दुसरंच काही असतं.

विशी-पंचविशीतल्या मुलींना हे 'दुसरं काही' बहुतेक वेळा फायब्रोअ‍ॅडेनोमा असतं. रबरासारखी टणक, बोट लावलं की इकडून तिकडे सरकणारी गाठ. ती कॅन्सर नसते, आणि लहान असली तर पुष्कळदा काढतही नाहीत, नुसती लक्षात ठेवतात. 'काही निघणार नाही, बिनघोर राहा' असं मात्र मी तुला लिहिणार नाही. तसं तुला पाच जणांनी सांगितलंच असेल आणि त्याने तुझा जीव खाली बसला नाही, म्हणून तर रात्री साडेबाराला तू मला लिहिलंस. त्या दोन ते दहा जणी खऱ्या असतात. नोकरीत असताना त्यांच्यातल्या काहींच्या घरी मी गेलेली आहे. ज्या गाठ लहान असतानाच पोचल्या, त्यांना उपचारांनी चांगला गुण आला, हेही मी तिथंच पाहिलं.

आता चिठ्ठीचं. रेफर चिठ्ठीवर लाल पेनाने 'अर्जंट' आणि खाली दोन रेघा, हे पाहून तुझी आई रडली म्हणतेस. तिला हे वाचून दाखव. रेफर चिठ्ठी रोग किती मोठा ते सांगत नाही. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात कोणती सोय नाही, ते सांगते. तिथं गाठीचा नमुना घेणारं कुणी नाही, तो काचेवर तपासणारे पॅथॉलॉजीचे डॉक्टर नाहीत, म्हणून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. आणि 'अर्जंट' का? सध्या वावरात वेचा चालू आहे. डॉक्टरांनी नुसतं 'दाखवून या' लिहिलं असतं तर बाई काय म्हणते? "कापूस घरात येऊ दे, मंग जाऊ." मग तूर, मग हरभरा, मग कुणाचं तरी लग्न, आणि पाहता पाहता मिरग लागतो. आमच्याकडच्या डॉक्टरांना हे तोंडपाठ असतं. दोन रेघा त्याच्यासाठी आहेत. गाठीच्या बाबतीत आठ-पंधरा दिवसांनी फरक पडत नाही, सहा महिन्यांनी पडतो. तुझी तारीख पुढच्या गुरुवारची आहे, म्हणजे तू उशीर केलेला नाहीस.

मधल्या या दिवसांत गाठ चाचपणं पहिलं बंद कर. आंघोळीच्या वेळी, झोपताना, मध्येच न्हाणीत जाऊन, दिवसातून किती वेळा हात जातो ते तुलाच ठाऊक. सारखं दाबलं की तिथली जागा हुळहुळी होते, दुखायला लागते, आणि मग 'काल दुखत नव्हती, आज दुखते, म्हणजे वाढली' असं मनात येतं. त्यात पाळी जवळ आली असेल तर छाती तशीही जड आणि दुखरी होते, गाठ जास्त हाताला लागते. बोटांनी रोज मापून काही कळत नाही. मापायचं ते सोनोग्राफीत मिलिमीटरमध्ये मापून झालेलं आहे. तरी काही गोष्टी दिसल्या तर गुरुवारची वाट पाहायची नाही: ताप येऊन ती जागा लाल-गरम झाली, पू धरला, स्तनाग्रातून रक्त आलं, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच ग्रामीण रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना दाखव. त्यासाठी दिवसातून एकदा आरशात नजर टाकली की पुरे.

दुसरं, अंगाला काही लावू देऊ नको. मोठी आई म्हणेल, बिबा घालू, गाठ बसते. बिब्याने काय होतं ते मी जवळून पाहिलंय. कातडी काळी पडते, फोड येतात, फुटून पाणी वाहतं, आणि मग डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांना गाठ तपासायची की जखम, हेच कळेनासं होतं. सूज आल्यावर सोनोग्राफीही धड दिसत नाही. तारीख गेली पुढे. लेप, शेक, मालिश, सगळ्यांना हेच उत्तर: "तपासणी होईस्तोवर डॉक्टरने काही लावू नको म्हटलं." डॉक्टरांच्या नावावर खपवायचं, म्हातारी माणसं आपल्यापेक्षा त्यांचं ऐकतात. नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला. कळंबच्या चिंतामणीला जाऊन आलीस तर आईला बरं वाटेल आणि तुलाही. फक्त त्यासाठी गुरुवार सोडायचा नाही.

आणखी एक गोष्ट कुणीतरी नक्की सांगणार: 'सुई लागली की गाठ बिघडते, पसरते.' आपल्या भागात या एका बोलण्यानं बायांचं फार नुकसान केलंय. सुईने गाठ कॅन्सरची होत नाही, आणि तपासणीच्या सुईने रोग पसरतो म्हणून घरी बसावं, असं काही नाही. बारीक सुई असेल तर रक्त काढतात तितकंच टोचतं. जाड सुईने तुकडा काढायचा असेल तर आधी जागा बधिर करतात. काढताना टचकन आवाज येतो, त्याला दचकू नको. नंतर एखाददोन दिवस तिथं निळं पडतं, ते आपोआप जातं.

कुणाला सांगायचं, हा तुझा खरा पेच आहे असं मला वाटलं, कारण पत्राचा अर्धा भाग तू त्याच्यावर लिहिलास. वर्धेचं स्थळ यायचंय, आई म्हणते बभ्रा नको, तारीख पाहुणे येऊन गेल्यावरची घेऊ. आईचं निम्मं बरोबर आहे. गावाला कळायची काही गरज नाही. तपासणीआधीच 'पोरीले गाठ हाय' एवढं एका ओट्यावर पडलं की संध्याकाळपर्यंत त्याचं काय होईल सांगता येत नाही. पण तारीख पुढे ढकलायची, हे साफ चूक. पाहुण्यांना पुढचा आठवडा सांगता येतो, त्यात कुणाचा अपमान होत नाही. आईला पटत नसेल तर मी बोलते तिच्याशी, मला ती घाबरते थोडी.

वडिलांना सांग. गाठ आहे, तपासायची आहे, ४ए चा अर्थ हा, इतकं सरळ. गप्प बसणारा माणूस काळजी करत नाही असं तुला वाटतं. त्याला फक्त विचारता येत नाही. तुमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या ताई पोटात ठेवणाऱ्या आहेत, त्यांनाही सांग, त्या दवाखान्यात सोबत आल्या तर खिडक्या शोधण्यात वेळ जाणार नाही. बाकी कुणी बसस्टॉपवर "काऊन वं, कुठं चालली?" म्हटलं तर "वर्धेले कागदाचं काम हाय." भरतीची तयारी करणाऱ्या पोरीला कागदाची कामं असतातच, कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही.

भरतीवरून आठवलं. धावणं बंद केलंस ते कशापायी? डॉक्टरांनी सांगितलं? नाही ना? मग उद्यापासून मैदानावर जा. गाठ धावण्याने हलत नाही, फुटत नाही. तू धावणं थांबवलंस, वेचायला जाणं थांबवलंस, मैत्रिणीचा फोन उचलत नाहीस, आणि खोलीत मोबाईल घेऊन बसलीस. मला कळतं असं का होतं. आपण दुसऱ्या कामाला लागलो तर आपण दुखण्याकडे दुर्लक्ष केलं, असं मनाला वाटतं. जणू काळजी करत राहणं हाही उपचाराचाच भाग आहे! तुझ्या हातातलं होतं ते तू केलंस: गाठ लागल्यावर लपवली नाहीस, दाखवलीस, सोनोग्राफी केलीस, तारीख घेतलीस. यापुढचं गुरुवारी. तोवर ओटी बांधून आईबरोबर पऱ्हाटीत जा. बोंडाचा कापूस ओढताना बोटाला काटे लागतात, लक्ष तिथं ठेवावंच लागतं, आणि संध्याकाळी अंग दुखलं तर झोप तरी लागेल.

रात्रीचं वेगळं आहे, रात्री काही युक्ती चालत नाही असं वाटतं. मोबाईल आईच्या उशाशी ठेव. जे शोधतेस त्यात तुझा रिपोर्ट कुठंच नसतो, परक्या बायांचे असतात. दिवे लागणीला एक वही घे आणि डोक्यात जे प्रश्न फिरतात ते लिहून काढ. नंतर त्यातले डॉक्टरांना विचारता येतील असे वेगळे कर: कोणती सुई, रिपोर्ट किती दिवसांनी, कुणाला दाखवायचा, काही नाही निघालं तरी पुन्हा कधी यायचं. बाकीच्या प्रश्नांना ('माझ्याच वाट्याला का', 'लग्नाचं काय') डॉक्टरांकडे उत्तर नाही, ते वहीत राहू दे. मध्यरात्री जाग आली आणि छाती धडधडायला लागली तर उठून बस, श्वास हळू घे आणि घेतला त्याहून सावकाश सोड, पाच-दहा मिनिटं. तरीही जेवणच जात नसेल, सलग रात्री डोळा लागत नसेल, जगणंच नकोसं वाटायला लागलं तर १४४१६ वर फोन कर. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीही. आणि मला लाव, कितीही वाजलेले असोत.

गुरुवारचं सांगते. कळंबवरून वर्धेची पहिली एसटी धरा, बायांना अर्धंच तिकीट. वर्धेहून सेवाग्रामला ऑटो मिळतात. कस्तुरबा रुग्णालय ज्या संस्थेचं आहे ती १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, खेड्यातल्या माणसांसाठीच उभी राहिली. तिथल्या बाकड्यांवर तुला आपल्यासारखीच माणसं दिसतील, बुजायचं कारण नाही. सोबत रेफर चिठ्ठी, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि फिल्म, आधार, रेशन कार्ड, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. फिल्मची घडी घालू नको. चिठ्ठीचा फोटो काढून ठेव. सलवार-कुर्ता घाल, एकसंध ड्रेस नको, म्हणजे तपासणीला फक्त वरचं काढावं लागेल. पावडर लावू नको. मॅमोग्राफी करायची ठरली तर तिचे कण चित्रात ठिपक्यांसारखे दिसू शकतात. तुझ्या वयात बहुधा सोनोग्राफीवरच भागवतात, तरी. डॉक्टर पुरुष असले तर तपासताना नर्स किंवा दुसरी बाई तिथं असलीच पाहिजे. नसेल तर "सिस्टरला बोलवा" म्हणायचं, स्पष्ट. त्यात उद्धटपणा काही नाही.

सर्जरीचे डॉक्टर युनिटमध्ये वाटलेले असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. गुरुवारी ज्या युनिटला दाखवशील त्याचं नाव केसपेपरवर बघून ठेव, रिपोर्ट घेऊन त्याच वारी जायचं. भलत्या दिवशी गेलीस तर फेरी फुकट. पुढे दवाखान्यात भरती व्हायची किंवा ऑपरेशनची वेळ आलीच तर महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राचा टेबल विचारा, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत त्यात बसतं. पण तो आताचा विषय नाही, तुझ्या वडिलांना पैशाची धास्ती असेल म्हणून लिहिलं.

एक आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू मला दोष देशील. गुरुवारी संध्याकाळी घरी येशील तेव्हा हाती उत्तर नसेल. सुई झाली तरी रिपोर्टला काही दिवस लागतात, आणि हे दुसऱ्यांदा वाट पाहणं पहिल्यापेक्षा जड जातं, कारण आता काहीतरी कुठंतरी लिहिलं गेलंय आणि आपल्याला ते माहीत नाही. तेव्हाही वेचा, धावणं, वही, सगळं तसंच. आणि रिपोर्ट हातात पडला की बसस्टँडवर उभ्याउभ्या उघडून वाचायचा नाही. डॉक्टरांसमोर, आई शेजारी असताना उघडायचा.

मी दुपारी दोनपर्यंत वावरात असते, तिथं रेंज नाही. गुरुवारी मात्र घरीच थांबते. तिथून निघालात की फोन कर, आणि डबा घेऊन जा, ओपीडीत दुपार होतेच.

तुझी,
मावशी