पदवीपूर्वीच्या शेवटच्या वर्षात नाट्यविद्यार्थ्याने कोणती कामे हाती घ्यावीत?

नाट्यशिक्षणाचे शेवटचे वर्ष सुरू होत असताना अभिनयाच्या जोडीने कोणती कामे घ्यावीत आणि या टप्प्यावरचे इतर विद्यार्थी नेमके काय करीत आहेत, असे आपण विचारले आहे. मी त्याच वर्षात शिकत आहे. त्यामुळे सर्वसाधारण सल्ल्याऐवजी माझ्यासमोर असलेली कामे आणि ती निवडण्यामागची कारणे लिहिते.

पदवीनंतर जे सहजासहजी मिळणार नाही, ते या वर्षात करून घ्यावे, हा माझा एकमेव निकष आहे. त्यात सर्वांत वरचे स्थान मी तालमीच्या वेळेला देते. रशियन नाटककार चेखॉव्हचे ‘द सीगल’ हे नाटक ऑक्टोबर १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्सांद्रिन्स्की नाट्यगृहात जेमतेम आठवडाभराच्या तालमींनंतर उभे राहिले आणि पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकांनी त्याची हेटाळणी केली. डिसेंबर १८९८ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरने तेच नाटक सविस्तर तालमी करून रंगमंचावर आणले, तेव्हा ते विलक्षण गाजले. दिग्दर्शनाची दृष्टी, नटसंच आणि प्रेक्षकवर्गही बदलला होता हे खरे, परंतु संहिता तीच होती. व्यावसायिक रंगभूमीवर तालमींचे दिवस मोजून मिळतात. एका प्रवेशावर आठवडाभर थांबण्याची मुभा आपल्याला आत्ताच आहे.

म्हणूनच या वर्षीच्या मुख्य नाट्यप्रयोगासाठी, नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाउस’साठी, मी नायिका नोराऐवजी तिची मैत्रीण क्रिस्टीना लिंडे ही भूमिका मागून घेतली. ही भूमिका वरवर पाहता साहाय्यक आहे. पहिल्या अंकात ती बराच वेळ नोराचे बोलणे ऐकत असते. परंतु तिसऱ्या अंकाच्या प्रारंभी लिंडेचा पूर्वीचा प्रियकर क्रोगस्टाड, ज्याने नोराचे गुपित उघड करणारे पत्र तिच्या नवऱ्याला पाठवले आहे, लिंडेला सांगतो की तो आपले पत्र परत मागून घेईल, आणि मैत्रिणीला वाचवण्याची सोपी वाट समोर असताना लिंडे त्याला थांबवते. ते पत्र वाचले जावे आणि या घरातली लपवाछपवी संपावी, असे ती ठरवते. हा निर्णय ती कोणत्या क्षणी घेते? मनात आधीपासून काही शिजत होते, की एकाकी आयुष्यानंतर क्रोगस्टाड पुन्हा भेटल्यामुळे आलेल्या धैर्यातून ती बोलते? तिच्या निर्णयात नोराविषयीची माया किती आणि खोटेपणाविषयीची चीड किती? या प्रत्येक उत्तरानुसार पहिल्या अंकातले तिचे ऐकणे बदलते, नोराकडे पाहण्याची तिची नजर बदलते, इतकेच नव्हे तर ती खुर्चीवर कशी बसते हेही बदलते. सध्या आम्ही तो प्रवेश वेगवेगळ्या गृहीतकांवर करून पाहत आहोत आणि दिग्दर्शकाने कोणतेही एक उत्तर अद्याप पक्के केलेले नाही. आपल्यालाही भूमिका निवडण्याची संधी मिळाली, तर संवादांची संख्या पाहू नका. ज्या पात्राचा एखादा निर्णय आपल्याला सहज पटत नाही, ते पात्र मागून घ्या.

दुसरे काम दिग्दर्शनाचे आहे. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गची ‘द स्ट्राँगर’ ही १८८९ साली प्रथम सादर झालेली छोटी एकांकिका मी बसवणार आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका कॅफेत दोन अभिनेत्री भेटतात, त्यांतली एक सतत बोलते आणि दुसरी शेवटपर्यंत एकही शब्द उच्चारत नाही. पात्रे मोजकी आणि नेपथ्य साधे असल्यामुळे विद्यार्थी दिग्दर्शकाला सर्व लक्ष नटांवर देता येते. त्यातही मूक पात्राच्या तालमी घेणे हीच खरी परीक्षा आहे, कारण तिचे हसू, तिने वर केलेली नजर किंवा तिने नजर टाळणे यांतूनच बोलणाऱ्या स्त्रीला पुढचे वाक्य सुचते. लागोपाठच्या दोन प्रयोगांत दोघी अभिनेत्रींनी भूमिकांची अदलाबदल करावी, अशी माझी योजना आहे. ज्या नटीने बोलण्याची बाजू केलेली असते, तिच्या मौनाला वेगळे वजन येते असे मला ठामपणे वाटते, आणि ते पडताळून पाहण्यासाठी महाविद्यालयाच्या रंगमंचाइतकी योग्य जागा नाही.

येथे एक व्यावहारिक सूचना करते. इब्सेन १९०६ साली आणि स्ट्रिंडबर्ग १९१२ साली निधन पावले, त्यामुळे त्यांच्या मूळ लेखनावरील स्वामित्वहक्क संपलेला आहे. मात्र आपण वापरणार असलेल्या अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असू शकतो. परवानगीचे पत्र तालमी सुरू होण्यापूर्वीच मागवावे.

तिसरे काम एका वर्गमित्राच्या दीर्घांकाच्या प्रकाशयोजनेचे आहे. अभिनयाच्या विद्यार्थ्याने तांत्रिक बाजूची किमान एक जबाबदारी पूर्णपणे सांभाळावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. १९३२ साली अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी मांडलेली पद्धत मी आधाराला घेतली आहे. तीत रंगमंचाचे भाग पाडून प्रत्येक भागावर समोरच्या दोन बाजूंनी, सुमारे ४५ अंशांच्या कोनातून, एकीकडून उबदार आणि दुसरीकडून शीतल छटेचा प्रकाश टाकतात. हे दिवे लावताना प्रथमच नीट उमगते की नट ठरलेल्या जागेपासून पाऊलभर सरकला तरी त्याचा चेहरा अंधारात जातो. तांत्रिक तालमीत नटांना तासन्‌तास का थांबावे लागते, याची तक्रारही त्यानंतर कोणी करीत नाही.

चौथा प्रकल्प माझा स्वतःचा आहे आणि तोच मला सर्वांत जवळचा आहे. विंगेत बसून आयुष्यभर दुसऱ्यांचे संवाद कुजबुजणाऱ्या एका वृद्ध प्रॉम्प्टरवर मी सुमारे वीस मिनिटांचे एकपात्री नाट्य लिहीत आहे. या स्त्रीला सगळी नाटके तोंडपाठ आहेत, परंतु स्वतःविषयी बोलण्याची वेळ येते तेव्हा तिच्या तोंडी दुसऱ्याच कोणत्या तरी पात्राचे वाक्य येते. लेखन अजून पहिल्या खर्ड्याच्या पुढे गेलेले नाही. तरीही मी त्याचे वाचन वर्गात करून घेते, कारण कागदावर नाट्यमय वाटणारे पुष्कळसे उच्चारताना केवळ निवेदन ठरते आणि ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर लगेच दिसते. पदवीनंतर काम मिळेपर्यंतचा काळ लांबला, तर स्वतः लिहिलेले आणि कमीत कमी साहित्यात उभे राहणारे असे एक नाट्य हाताशी असावे, हाही त्यामागचा हेतू आहे.

निवड चाचणीसाठी परस्परविरुद्ध प्रकृतीची दोन स्वगते तयार ठेवणे, प्रयोगांची छायाचित्रे आणि चित्रीकरण जपणे, ही कामे सर्वांनाच करावी लागतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही. मात्र दिग्दर्शनाची वही आणि प्रकाशयोजनेचे संकेतपत्रकही (कोणता प्रकाश केव्हा बदलायचा याची नोंद) त्या संग्रहात ठेवा, कारण आपण विचार कसा करता हे छायाचित्रांपेक्षा त्यांतून अधिक कळते.

एवढी सगळी कामे एकाच सत्रात घेऊ नयेत. माझा मुख्य प्रयोग आणि प्रकाशयोजना पहिल्या सत्रात आहेत, एकांकिका आणि एकपात्री नाट्य दुसऱ्या सत्रात. वेळ अपुरा पडला, तर आपण एकांकिका पुढे ढकलावी, परंतु स्वतःचे लेखन सोडू नये. एकांकिका बसवण्याची संधी पुढेही मिळू शकते. रोज सोबत काम करणारे, आपली संहिता मोकळेपणाने ऐकून तिच्यातले दोष तोंडावर सांगणारे सहाध्यायी मात्र निकालानंतर निरनिराळ्या ठिकाणी जातील. तेव्हा पहिला खर्डा त्यांना याच सत्रात वाचून दाखवा.