पावसाचा रकाना शून्य आहे म्हणून समुद्र शांत समजू नका

दिग्रसकडच्या भावाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी जोरात सुरू व्हायच्या आत गावातली आठ-दहा पोरं भाऊबीजेच्या रात्री क्रूझर घेऊन कोकणात निघणार. तृतीयेला गणपतीपुळे, मग पंचमी-षष्ठीला मालवण-तारकर्ली. त्यातल्या एकाला सर्फिंग करून पाहायचं आहे. सोबत अॅपचा स्क्रीनशॉट टाकलाय: लाट १.४ मीटर, कालावधी १३ सेकंद, दिशा नैऋत्य, वारा ९ नॉट, पाऊस शून्य. आणि खाली लिहिलंय, "पाऊस तर दाखवतच नाही, म्हणजे समुद्र शांतच राहीन ना?"

नाही भाऊ. त्या पूर्ण स्क्रीनशॉटमध्ये समुद्राबद्दल सगळ्यात कमी सांगणारा रकाना पावसाचा आहे, आणि आपली नजर बरोबर त्याच्यावरच जाते. ते साहजिकही आहे. आपल्याकडे हवामान म्हणजे पाऊस. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा झाला की छत्तीसगडवरून दोन-तीन दिवसांत आपल्या वावरात येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माझी नोकरीची बरीच वर्षं रत्नागिरीत गेली, आता पुसदकडे शेती बघतो. दोन्हीकडच्या अनुभवावरून सांगतो, निरभ्र आभाळ आणि खवळलेलं पाणी एकाच दिवशी, एकाच किनाऱ्यावर असू शकतं.

तुझ्या स्क्रीनशॉटमधला खरा आकडा तो १३ सेकंदांचा. कालावधी म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी यायला लागणारा वेळ. जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा चार-पाच सेकंदांच्या असतात. त्या दिसायला खळखळाट करतात, पण त्यांच्यात जोर कमी. तेरा सेकंदांची लाट कोकणातल्या वाऱ्याची नसतेच. नैऋत्येकडून येणारी असली लाट बहुतेक वेळा दक्षिण हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या पार खाली, एखाद्या वादळात जन्मलेली असते. अशा लाटांचा जथा खोल पाण्यात ताशी साधारण ३५ किलोमीटरने सरकतो. म्हणजे तुम्ही इकडे सोयाबीन मोंढ्यावर नेत होता तेव्हाच ती लाट तिकडून निघालेली आहे, आणि तिला किनाऱ्यावर पोचायला आठवडाभर लागतो. तिचा मालवणच्या आभाळाशी काही संबंध नाही.

आता उंची. अॅपमधली १.४ मीटर ही प्रत्येक लाटेची उंची नव्हे. सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. तेरा सेकंदांच्या हिशेबाने तासाभरात अडीचशेच्या वर लाटा येतात, आणि त्यातली एखादी दीडपट-पावणेदोनपट निघणारच. म्हणजे सव्वादोन मीटर. शिवाय लांब कालावधीची लाट उथळ पाण्यात आली की आणखी उभी राहते आणि वाळूवर बरंच वरपर्यंत धावत येते. चार सेकंदांची लाट मोटारसायकलचा धक्का असेल, तर ही उसाने भरलेली ट्रॉली आहे. वेग तेवढाच वाटतो, पण थांबत नाही.

त्यात एक फसवी गोष्ट आहे. या लाटा घोळक्याने येतात. दहा-पंधरा मिनिटं पाणी अगदी गरीब दिसतं. पोरं कंबरेपर्यंत जातात, मोबाइल काढतात, आणि मग एकामागून एक पाच-सहा मोठ्या लाटा येतात. म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर वीसेक मिनिटं नुसतं बसून बघायचं. चहा घ्या, भेळ खा, पण बघा. २०२४ च्या मे महिन्यात कन्याकुमारीजवळ वैद्यकीय शाखेचे पाच विद्यार्थी अशाच दुरून आलेल्या लाटांत बुडून गेले. त्या दिवसांत हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारच्या संस्थेने लाटांचा इशारा दिलेला होता. केरळात या प्रकाराला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. ती तर तुम्हाला घरातल्या कॅलेंडरवरूनच काढता येते. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करतात. तृतीया म्हणजे तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. तेवढ्या वाजता, दुपारी आणि पहाटे, भरती पूर्ण. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईला छान जुळतो; रत्नागिरी-मालवणकडे भरती पाऊण-एक तास आधी येते. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण. तुझ्या बेतावर लाव बरं हे:

तृतीयेला गणपतीपुळ्यात भरती दीडच्या आसपास. तुम्ही रात्रभर नांदेड-लातूर-सोलापूर-कोल्हापूर करत, आंबा घाट उतरून पोचणार साधारण एक-दोन वाजता. म्हणजे नेमकं पाणी उतरायला लागतं तेव्हा. अंग अवघडलेलं, झोप झालेली नाही, गाडीतून उतरलं की सरळ पाण्यात उडी, आणि पुढे सूर्यास्तापर्यंत सगळा वेळ ओहोटीचा. त्यात अमावास्या होऊन दोन-तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचा, मोठ्या भरती-ओहोटीचा, जोर अजून ओसरलेला नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दिवशी देवदर्शन, जेवण, झोप आणि संध्याकाळी पाय भिजवणं यापलीकडे काही केलं नसतं.

चांगली वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. गणपतीपुळ्यात चतुर्थीला ओहोटी सव्वाआठ-साडेआठला संपते आणि पाणी चढू लागतं. नऊ ते साडेअकरा, चढतं पाणी, वाराही कमी. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे कामाला येतात. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सकाळपर्यंत टिकतो आणि लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतो. दुपारी बाराच्या पुढे खारा वारा उठतो आणि पाणी खवल्याखवल्याचं होतं. तुझ्या स्क्रीनशॉटमधले ९ नॉट, म्हणजे ताशी साडेसोळा किलोमीटर, हे बहुतेक दुपारचे असणार. अॅपमध्ये बोट सरकवून सकाळी सातचा आणि दुपारी तीनचा आकडा वेगवेगळा बघ.

आता गणपतीपुळ्याचं स्पष्ट सांगतो, कारण आपल्या भागातले लोक तिथेच सर्वात जास्त जातात. मंदिरासमोरचा किनारा दिसायला सपाट नि रुंद आहे, पण पाण्याखाली वाळू एकदम उतरते. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की छातीपर्यंत. परत जाणारं पाणी टाचेखालची वाळू काढून नेतं, माणूस मागे झुकतो, आणि तेवढ्यात पुढची लाट. तिथे धोक्याच्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत, जीवरक्षक उगाच शिट्ट्या मारत नाहीत. शिट्टी ऐकून "आपल्याला पोहता येते" म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच. त्याच्यासाठी पुढचा परिच्छेद.

आपली पोरं विहिरीत सूर मारून आणि पैनगंगेच्या डोहात पोहून तयार झालेली असतात. दम चांगला असतो, हात चांगला चालतो. पण नदीत ओढ कुठे आहे ते दिसतं आणि काठ दोन्ही बाजूंना असतो. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला एक अरुंद वाट शोधतं. त्या वाटेने ते सरळ आत ओढून नेतं. याला रिप म्हणतात. उंचावरून बघितलं तर ओळखता येतो: दोन्ही बाजूंना पांढरा फेस फुटतोय आणि मधला एक पट्टा मात्र गडद, गढूळ आणि शांत दिसतोय, त्यात फेसाचे तुकडे आत सरकताहेत. नवखा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो, कारण तिथे लाट फुटत नाही. आणि ओढ लागली की चांगला पोहणारा किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून हात मारतो. तिथेच दम संपतो. ओढीच्या विरुद्ध पोहायचं नाही. पाठीवर तरंगायचं, एक हात वर करायचा, ओरडायचं. जमत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं. तो पट्टा फार रुंद नसतो. बाहेर पडलं की लाटा जिथे फुटताहेत त्या बाजूने परत यायचं. आणि मित्राला वाचवायला मागून कोणी रिकाम्या हाताने उडी मारायची नाही. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेका. गाडीतला पाच लिटरचा रिकामा पाण्याचा कॅन झाकण लावून सोबतच ठेवा. फोन ११२, आणि समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

मालवणकडे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम बघायला जाल. बोटीतून बघा. ओहोटीच्या वेळी नदीचं आणि भरतीचं सगळं पाणी त्या मुखातून बाहेर निघतं, तिथे पोहण्याचा विषयच नाही. बोटीत लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, मांडीवर ठेवायचं नसतं.

सर्फिंगवाल्या भावासाठी: पहिल्यांदाच फळीवर उभं राहायचं असेल तर गुडघा ते कंबरेएवढी लाट हवी, किनारा हळू उतरणारा हवा आणि शिकवणारा शेजारी हवा. १.४ मीटर आणि १३ सेकंद हा शिकण्याचा समुद्र नाही. शिवाय आपल्या कोकणात सर्फिंग शिकवणारे फार कमी. तारकर्लीची ओळख आहे ती स्कूबासाठी. खरंच शिकायचं असेल तर मालवणहून दोन-अडीच तासांवर गोव्यात मांद्रे-आश्वेकडे शाळा आहेत, नाहीतर मंगळूरजवळ मुल्की, जिथे २००४ पासून हे चालू आहे. तारकर्लीत कोणी नुसती फळी भाड्याने देत असेल आणि पायाला बांधायची दोरी देत नसेल तर घेऊ नका.

स्कूबावरून आठवलं, एक सोपी खूण. निघायच्या आदल्या दिवशी तारकर्लीच्या स्कूबावाल्याला फोन लावून फक्त एवढं विचार: "पाण्याखाली किती लांबचं दिसतंय?" लांब कालावधीच्या लाटा आल्या की तळाची वाळू उचलली जाते आणि पाणी गढूळ होतं. तो "आज काही खास दिसत नाही" म्हणाला तर समज की अॅप खरं बोलतंय. "समुद्र कसा आहे" असं विचारशील तर धंदेवाला माणूस "एकदम मस्त, या" म्हणेल.

सरकारी अंदाज बघताना आपल्याकडचे लोक एक चूक हमखास करतात. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भाचा अंदाज देतं. कोकणासाठी मुंबईच्या केंद्राचा बघायचा, आणि त्यातही मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा असतो, तो वाचायचा. जिल्ह्याला पावसाचा हिरवा रंग, म्हणजे इशारा नाही, असं असताना मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलेलं असू शकतं. लाटांसाठी इन्कॉइस. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याच्या धोक्याची खूण, लागला अशी बातमी दिसली की तुमचा पाण्याचा बेत रद्द, मग ऊन कितीही छान पडलेलं असो.

दिवाळीच्या दिवसांत तर हे जास्तच सांभाळायचं, कारण अरबी समुद्रात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा दुसरा हंगाम असतो. २०१९ ची दिवाळी आठवते का? आपल्याकडे काढलेलं सोयाबीन शेतात भिजून काळं पडलं होतं. त्याच आठवड्यात क्यार नावाचं वादळ कोकणच्या समोरून गेलं. ते किनाऱ्याला लागलंच नाही, ओमानच्या दिशेने निघून गेलं, तरी देवगड-मालवण-देवबागकडे समुद्राचं पाणी वस्तीत घुसलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, ते महाचक्रीवादळ झालं होतं. म्हणून "वादळ आपल्याकडे येत नाहीये" या वाक्यावर बेत ठरवू नका.

जलक्रीडा साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात, तो प्रश्न तुम्हाला नाही. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर दक्षिणेकडच्या लांब लाटा कमी होतात आणि वायव्येकडून, अरबस्तानाच्या बाजूने येणाऱ्या छोट्या कालावधीच्या लाटा जास्त असतात. पोरांना पाण्यात खेळायचंच असेल तर तो काळ बरा, पण तेव्हा कापूस वेचायला कोण, हे मी सांगू शकत नाही.

आणि गाडी. वाळूवर क्रूझर उतरवून रील काढायचा मोह होतो. सकाळी ओहोटीला वाळू घट्ट लागते, चाक जरा फिरलं की खाली ओली वाळू, आणि मग दोन तासांत भरती टायरला. दर सुट्टीत अशी एखादी गाडी जेसीबीने ओढताना दिसतेच. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इंजिनाचं गावातला मिस्त्री काही करू शकत नाही, आणि क्रूझर भाड्याची असेल तर मालकाला काय सांगणार ते आधीच ठरवून ठेवा.

पाच दिवसांपुढचे लाटांचे आकडे बदलत राहतात. तुझा स्क्रीनशॉट निघायच्या आठ दिवस आधीचा आहे. तेव्हा भाऊबीजेच्या सकाळी नवा टाक: गणपतीपुळे आणि मालवण दोन्हीचा, सकाळी नऊचा, उंची, कालावधी, दिशा आणि वारा दिसतील असा. कालावधी दहाच्या खाली आणि उंची एक मीटरच्या आत आली असेल तर सकाळी कंबरेपर्यंत जायला हरकत नाही, जीवरक्षक आहे त्या पट्ट्यातच. तेरा-चौदाच राहिला तर मालवणचा किल्ला बघा, सोलकढी प्या, आणि पाण्यात घोट्यापर्यंत.