अडखळणारी हार्ड डिस्क: आधी प्रत, मग दुरुस्ती

प्रश्न: १ टीबीच्या हार्ड डिस्कवरचं फोल्डर उघडायला हल्ली मिनिटभर लागतं. फोटो कॉपी करताना मध्येच ‘रीड एरर’ येऊन सगळं थांबतं. आवाज नेहमीचाच आहे. विंडोजमधलं डिस्क तपासायचं चेकडिस्क चालवून पाहू का?

उत्तर: नको. दुरुस्ती करताना चेकडिस्क त्याच आजारी डिस्कवर लिहितं आणि ‘/आर’ दिलंत तर सगळे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) तपासत तिला तासन्‌तास राबवतं. लागलंच तर नंतर, प्रतीवर चालवा.

आधी स्मार्टच्या नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, बघा. १९७ क्रमांकाच्या नोंदीची ‘रॉ व्हॅल्यू’ (या नोंदी दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ती नोंद ‘सी५’ दिसते) शून्याच्या वर असेल, तर तेवढे सेक्टर वाचले जात नाहीयेत. वर ‘पास्ड’ लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका.

फोल्डर ओढून कॉपी करायच्या फंदात पडू नका; विंडोज एकाच खराब जागी अडून बसतं. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) संगणक सुरू करा, ही डिस्क माउंट करू नका, म्हणजे फायली बघायला उघडू नका, आणि खराब डिस्कची प्रत काढणारं जीएनयूचं डीडीरेस्क्यू वापरा (उबुंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू). प्रत ठेवायला २ टीबीची, एक्स्ट४ या लिनक्सच्या प्रकारात फॉरमॅट केलेली डिस्क घ्या. फॅट३२ चालणार नाही, तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

कमांडमध्ये क्रम असा: मूळ डिस्क, इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची प्रत), मॅपफाइल (काय वाचून झालं, काय उरलं याची नोंद). मूळ डिस्क कुठली ते डिस्कची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’मध्ये आकार आणि सीरियल नंबर पाहून ठरवा. प्रोग्रामने ‘--फोर्स’ मागितलं तर तिथेच थांबा. इमेज काढताना ते लागत नाही, म्हणजे बहुधा क्रम उलटा झालाय.

पहिली फेरी ‘-एन’ देऊन करा. नीट वाचता येणारा भाग आधी निघतो, अडलेल्या जागा बाजूला राहतात. दुसरी फेरी ‘-डी -आर३’ची, म्हणजे उरलेल्या जागांवर आणखी ३ प्रयत्न. दोन्ही वेळा मॅपफाइल तीच हवी आणि तीही नव्या डिस्कवरच. लाइव्ह सिस्टीमच्या मेमरीत ठेवलीत तर वीज गेली की गेली. मध्येच डिस्क गायब झाली तर कंट्रोल-सी, डिस्क बंद करून पुन्हा सुरू, आणि लिनक्सने दिलेलं डिस्कचं नाव तपासा: एसडीबीची एसडीसी झालेली असू शकते.

मग इमेज फक्त-वाचनासाठी माउंट करून फायली उचला. माउंट होत नसेल तर इमेजवर टेस्टडिस्क हा हरवलेली विभागणी शोधणारा प्रोग्राम चालवा. तेही हरलं तर फायली हुडकून काढणारं फोटोरेक. फोटो परत येतील, पण मूळ नावं आणि फोल्डर मिळणार नाहीत.

टकटक ऐकू येऊ लागली तर मात्र लगेच बंद करा. ते काम हेड (डिस्क वाचणारा भाग) बदलणाऱ्या प्रयोगशाळेचं. फ्रीजरचा उपाय तर करूच नका, तबकड्यांवर दव धरतं.