नवीन एअर इम्पॅक्ट गन घेतलीत? आधी हे वाचा

इम्पॅक्ट गन, म्हणजे हवेच्या दाबावर नट-बोल्ट सोडवणारं हत्यार घेतलंत, छान. पण गनपेक्षा तिच्यामागच्या हवेला जास्त जपा. विजेच्या ड्रिलचा प्लग काढला की ड्रिल मेलं. हवेच्या हत्याराचं तसं नाही. कॉम्प्रेसर बंद केला तरी टाकीत आणि होजमध्ये (हवेच्या नळीत) दाब तसाच असतो. म्हणून सॉकेट (नटावर बसणारा गोल पाना) किंवा ग्राइंडरची डिस्क बदलण्याआधी होज काढायचा, मग ट्रिगर दाबून उरलेली हवा सोडायची. ट्रिगरवरचं बोट काढलं म्हणजे झालं, असं नाही.

सॉकेट इम्पॅक्टचेच घ्या, ते काळे, जाड भिंतीचे. चकचकीत क्रोमवाले हातपान्यासाठी असतात. गनच्या ठोक्यांनी ते तडकतात आणि तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो. गॉगल हवाच. कानांनाही संरक्षण हवं.

हवेवरची बहुतेक हत्यारं ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबावर चालतात. ट्रिगर दाबलेला असताना गेजचा काटा बघून रेग्युलेटर लावा, कारण हवा वाहू लागली की काटा खाली येतो. नट सुटत नाही म्हणून दाब वाढवत बसू नका, आधी तेल मारून थांबा. ग्राइंडरच्या डिस्कवर छापलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) हत्याराच्या आरपीएमपेक्षा कमी नको.

आणि हवेनं अंगावरचे कपडे झटकणं! सगळे करतात, तुम्ही करू नका. बारीकशा जखमेतूनही हवा कातडीखाली शिरते.

काम संपलं की टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून आत साचलेलं पाणी काढा. त्या पाण्यानं टाकी आतून गंजत जाते, बाहेरचा रंग मात्र ठणठणीत दिसतो.