भावाचा पगार जास्त की माझा?

प्रश्न: मी खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, अकरा वर्षं झाली. भाऊ सरकारी खात्यात. घरी सगळे जमले की तो म्हणतो तुम्हाला पॅकेज, आम्हाला नुसता पगार. आणि परवा मी वाचलं की सरकारी लोकांचा सरासरी पगार खासगीवाल्यांपेक्षा जास्त असतो. नक्की खरं काय? "दोन्हीचे फायदे-तोटे असतात" असलं उत्तर नकोय.

उत्तर: बरं, नाही देत. आधी ती सरासरी बाजूला ठेवा. सरकारी पगारपत्रकावर शिक्षक, नर्स, इंजिनियर, म्हणजे शिकलेली आणि वयानं थोडी पुढची माणसं जास्त. खासगी म्हटलं की त्यात बँकेतला मॅनेजर आला, दुकानातला पोरगा आला, बांधकामावर विटा वाहणाराही आला, मग जुळणार कसं? त्यात गंमत अशी की सरकारी ऑफिसची साफसफाई कॉन्ट्रॅक्टरला दिली की तीच माणसं तिथेच झाडू मारतात पण मोजली जातात खासगीत, आणि एकाही साहेबाला इन्क्रिमेंट न देता सरकारी सरासरी वर चढते.

म्हणून शिक्षण, अनुभव, काम सारखं असलेलीच माणसं समोरासमोर धरायची. अमेरिकन काँग्रेसच्या बजेट ऑफिसनं २०१७ मध्ये तसा हिशोब मांडला होता, २०११ ते २०१५ चे आकडे घेऊन. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरीत फक्त शाळेपर्यंत शिकलेल्यांना पगार तशाच खासगी माणसापेक्षा ३४ टक्के जास्त, पदवीधरांना ५ टक्के जास्त, आणि डॉक्टरेट किंवा डॉक्टर-वकिलांची डिग्री असलेल्यांना २४ टक्के कमी! बऱ्याच देशांत साधारण हेच दिसतं, सरकारी पगार खालून उचललेला आणि वरून दाबलेला. खालच्याला फारच कमी दिलं तर युनियन उभी राहते, आणि वरच्याला बाजारभावानं द्यायला गेलं तर लोकांच्या पैशावर मजा मारतात म्हणून बोंब होते.

तुम्ही दोघं मधल्या पायरीवरचे दिसता, तिथे नुसत्या पगारात फार अंतर नसतं, खरी गडबड पुढे आहे. वर सांगितलेल्या पदवीधरांचा तो ५ टक्क्यांचा फरक पेन्शन, विमा, रजा धरल्यावर २१ टक्क्यांवर गेला होता, सगळ्यात मोठा हात पेन्शनचा. तेव्हा दोघांच्या स्लिपा शेजारी ठेवा. तुमच्या पॅकेजमधला व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, ऑफर लेटरवर छापलाय तो नाही, गेल्या तीन वर्षांत खरंच खात्यात पडला तो धरा. त्याला विचारा की पेन्शनची रक्कम ठरलेली आहे की बाजारावर सोडलेली, आणि महागाईबरोबर वाढते का. ठरलेली आणि वाढणारी असेल तर तेवढं दरमहा मिळवायला तुम्हाला स्वतः केवढी गंगाजळी साठवायला लागेल ते काढा (तुम्ही अकाउंट्सवाले, तुम्हाला मी काय सांगू), आकडा बघून भावाचा राग येईल. अकरा वर्षांत कधी घरी बसायची वेळ आली असेल तर ते महिनेही धरा.

पण भावाच्या बाजूनंही बघा, तुम्ही कंपनी बदलून एका उडीत पगार वाढवून घेऊ शकता, तो सिनियॉरिटी लिस्टमध्ये पुढचा कधी रिटायर होतोय याची वाट बघत बसतो.

प्रश्न: मी सरकारी हॉस्पिटलमध्ये स्पेशालिस्ट आहे, बॅचमेट तिप्पट कमावतात. मी वेडी आहे का?

उत्तर: नाही हो, तुम्ही वरच्या त्या २४ टक्केवाल्या रांगेत आहात एवढंच. सोडायचंच ठरलं तर राजीनामा लिहायच्या आधी एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला (नोकरीची कागदपत्रं सांभाळणारा विभाग) जाऊन पेन्शनचा हक्क किती वर्षं भरल्यावर लागू होतो ते लेखी घ्या. बऱ्याच योजनांत तो एका ठराविक वर्षाला पक्का होतो आणि त्याच्या सहा महिने आधी बाहेर पडणारी माणसं मी बघितलीयत.