बायोप्सी निर्दोष, तरी पीएसए चढतोच

प्रश्न : माझे वय ६६. दोन वर्षांत पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) ६.८ वरून ११.४ वर गेला. गेल्या वर्षी गुदमार्गातून बारा तुकडे काढून तपासले, त्यांत कर्करोग निघाला नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४५ मिलिलिटर आहे. आता गोमेकॉतील (गोवा मेडिकल कॉलेज) डॉक्टरांनी एमआरआय सुचवला आहे. तुकड्यांत न सापडलेले एमआरआयमध्ये कसे दिसणार? आणि तो चतुर्थीनंतर केला तर चालेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बारा तुकडे निर्दोष आले म्हणजे उरलेली ग्रंथी निर्दोष ठरत नाही. गुदमार्गातून जाणारी सुई प्रोस्टेटच्या मागच्या भागातले नमुने आणते. मूत्रनलिकेच्या पुढे, पोटाकडच्या बाजूला लपलेल्या गाठीपर्यंत ती बहुधा पोहोचत नाही, आणि ती गाठ डॉक्टरांच्या बोटालाही लागत नाही. तुमच्या पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागले तर सुमारे ०.२५ येते. हा आकडा ०.१५ च्या वर असला की केवळ वयोमानाने वाढलेल्या ग्रंथीकडे बोट दाखवून स्वस्थ बसता येत नाही.

निरोगी ऊतीत पाण्याचे रेणू मोकळेपणी फिरतात, तर दाटीवाटीने वाढलेल्या कर्करोगाच्या पेशींमध्ये ते अडकतात, आणि एमआरआय नेमकी हीच अडवणूक टिपतो. ग्रंथीच्या आतल्या व पुढच्या भागात साध्या गाठीही असतात. त्यांची कड सहसा रेखीव असते, उलट कर्करोगाचा डाग कोळशाची आकृती बोटाने फासावी तसा कडा हरवलेला दिसतो. म्हणून प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडूनच अहवाल घ्यावा, असा माझा आग्रह आहे. ब्रिटनमधील ५७६ पुरुषांवरील, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात गंभीर कर्करोगांपैकी नेहमीच्या बायोप्सीने ४८ टक्के, तर एमआरआयने ९३ टक्के हेरले होते.

अहवालात कर्करोगाचा संशय किती हे सांगणारी ‘पाय-रॅड्स’ श्रेणी १ ते ५ अशी असते. ४ किंवा ५ आल्यास त्या डागावरच नेम धरून पुन्हा बायोप्सी करावी लागेल. वृषण आणि गुदद्वार यांमधील त्वचेतून सुई घातली तर पुढचा भाग अधिक सहज गाठता येतो. १ किंवा २ आली तरी पाठपुरावा सोडू नका, कारण त्याच अभ्यासात एमआरआय निर्दोष आलेल्या दर नऊ जणांत सुमारे एकाला गंभीर कर्करोग होता.

चतुर्थीपर्यंतच्या काही आठवड्यांनी बिघडणार नाही, मात्र तारीख आजच घेऊन ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास आधी सांगा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घ्या, आणि बायोप्सीच्या कागदासोबत पीएसएचे सगळे अहवाल तारखांसह बरोबर न्या.